टाचेचं माप

गल्लीच्या तोंडाशी जोड्यांचं एक दुकान होतं आणि ते एक बाई चालवायची. वडिलांच्या मागे दुकान तिच्याकडे आलं तेव्हा लोक म्हणाले होते, वर्षभरात कुलूप लागेल. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती आणि म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तिनेच शिवलेले जोडे घालून फिरत होते. पाठीमागे तिला सगळे मापवाली म्हणायचे, तोंडावर मावशी.

माप घ्यायची तिची रीतच वेगळी. गिऱ्हाइकाला बुटक्या स्टुलावर बसवायची, अनवाणी पाय मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची आणि दोन्ही हातांनी पाय चाचपायची. फीत त्यानंतर. कुणाचा अंगठा आत वळलाय, कोण उजव्या पायावर जास्त भार देतं, कुणाला हल्ली पायांना सूज येते, हे सगळं तिच्या बोटांना कळायचं. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. रस्त्यात कुणी हाक मारली की ती आधी खाली बघायची आणि मगच ओळख द्यायची.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर लाकडी पाय टांगलेले होते. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम कोरलेला एकेक जोड. त्या साच्यावरच जोडा शिवायचा. पाय बदलला की साच्यावर तिथे चामड्याचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे जोडा तेवढा सैल होतो. वडिलांना नावं लक्षात राहत नसत, म्हणून ते तळव्यावर पेन्सिलीने धंदा आणि साल लिहून ठेवत. पोस्टमन. गणिताच्या बाई. थोरले रंगारी. तिने तीच पद्धत पुढे चालवली. माणसं गेली तरी साचे काढून टाकायचे नाहीत, हीसुद्धा वडिलांचीच पद्धत.

एका सोमवारी सकाळी रंगारी आला. हा घरातला धाकटा. भिंती रंगवायचं काम त्याच्या वडिलांपासूनचं. वडील पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. शिडीवरून खाली उतरले, शेवटच्या पायरीवर टेकले आणि पुन्हा उठलेच नाहीत. मोठा भाऊ त्रेचाळिसाव्या वर्षी गेला, सकाळी दाढी करता करता. आता हा एकेचाळिसावर होता. काटक, हसरा, विडी-काडीचं व्यसन नाही, सांधेदुखी नाही, की साधी सर्दीही नाही.

"मावशी, जोडा चावतोय," तो म्हणाला. "मागून. टाचेच्या वर."

"माझा जोडा चावत नाही. तुझा पाय वाढला असेल."

"या वयात?"

"पायाला वय कळत नाही. बस."

तिने पाय मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि टाचेच्या मागून वर बोटं नेली. तिथे घोट्याच्या मागून पोटरीकडे जाणारी शीर असते. चांगल्या दोरीसारखी बारीक आणि ताठ लागते. याची अंगठ्याएवढी जाड लागली. मध्ये गाठीगाठी. दाबून पाहिलं.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

तिची बोटं तिथेच थांबली. ही जाडी त्यांना ओळखीची होती. डोळे उघडून ती उठली, भिंतीकडे गेली आणि थोरल्या रंगाऱ्यांचा, म्हणजे याच्या वडिलांचा, साचा खाली काढला. टाचेच्या मागे चामड्याचा तुकडा. शेजारचा, मोठ्या भावाचा, काढला. तिथेही तुकडा, तेवढाच, त्याच जागी. थोरल्या रंगाऱ्यांच्या वेळी ती नुकतीच शिकत होती, भावाच्या वेळी दुकान तिचं होतं. दोन्ही तुकडे तिनेच चामडं कापायच्या रापीने कापलेले होते. आपल्या हातची कड तिला ओळखता येत होती.

तिने दोन्ही साचे शेजारी शेजारी धरले.

"काय झालं?" रंगाऱ्याने विचारलं.

"काही नाही. शुक्रवारी ये."

तो गेला. तिने तिसरा तुकडा कापला, साच्यावर सरस लावला, आणि हात काही पुढे जाईना. सरस वाळून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा वाळला. बुधवारी सकाळी तिने दोन्ही मेलेल्या माणसांचे साचे कापडी पिशवीत भरले, दुकान ओढून घेतलं आणि वाचनालयाच्या हॉलकडे निघाली.

त्या हॉलमध्ये महिनाभर हृदयावर संशोधन करणारी मंडळी उतरली होती. कुणाला पुढे हृदयाचा त्रास होणार हे बरंच आधी कसं ओळखायचं, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. येईल त्याला तपासायचे, रक्त घ्यायचे, घरातल्या माणसांची माहिती विचारायचे. मापवालीने याआधी तिकडे जायला साफ नकार दिला होता. आपलं चाललंय ते चालू द्यावं, उगाच आत डोकावू नये, असं तिचं मत होतं.

दाराशी बसलेल्या मुलीने विचारलं, "जुने रिपोर्ट आणलेत का, मावशी?"

"आणलेत," मापवाली म्हणाली आणि पिशवी छातीशी धरली. पिशवीतून एक लाकडी अंगठा बाहेर डोकावत होता. मुलीने तो पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही.

तपासल्याशिवाय डॉक्टरांशी बोलता येणार नव्हतं. तेव्हा मापवालीला कॉटवर डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला गार जेल लावलं आणि एक डॉक्टरीणबाई शेजारच्या स्टुलावर बसून तिच्या बरगड्यांवरून छोटं यंत्र फिरवू लागली. बाई किडकिडीत होती, केस घाईत बांधलेले, पायात झिजलेले बूट. उजवीकडे जास्त झिजलेले, हे मापवालीने झोपण्याआधीच पाहून ठेवलं होतं.

"तिकडे बघायचं असेल तर बघा," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि तिने पडदा वळवला.

मापवालीने पाहिलं. करड्या उजेडात एक खोली मिटत होती, उघडत होती. खोलीच्या दारात दोन पापुद्रे होते. इतके पातळ की तिने आयुष्यात इतकं पातळ कातडं हाताळलं नव्हतं. ते पापुद्रे एकदम उघडायचे, रक्त आत सोडायचे, आणि पुन्हा एकमेकांना असे चिकटायचे की मधे फट राहायची नाही. ना टाका, ना सरस.

"हे माझं?"

"तुमचंच."

"हे कधीपासून चाललंय असं?"

"तुम्ही जन्मायच्या आठ महिने आधीपासून."

"आणि मधे कधी थांबलं नाही?"

"नाही. थांबलं असतं तर तुम्ही इथे आला नसता."

मापवाली पडद्याकडेच बघत राहिली. जोडा कितीही चांगला शिवला तरी दोन-तीन वर्षांत शिवण उसवते, तळ झिजतो. आणि हे सत्तावन्न वर्षं, दिवसरात्र, एकही टाका न उसवता. ती झोपेत होती तेव्हा, ती कुणावर चिडली होती तेव्हा, आई गेली त्या दिवशीसुद्धा. कधी तिने त्याची विचारपूस केली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि ते का, हे तिला सांगता आलं नसतं.

"ठणठणीत आहे तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "उठा हळूहळू."

मापवाली उठून बसली. पदराने डोळे पुसले आणि मग मुद्द्यावर आली. "मी माझ्यासाठी आलेच नव्हते. मला एक विचारायचंय. हसू नका. हृदयाचा आणि टाचेचा काही संबंध असतो का?"

डॉक्टरीणबाई हात पुसत होती. ती थांबली. "टाचेचा? कुठे टाचेचा?"

मापवालीने पिशवीतून दोन्ही साचे काढले आणि कॉटवर शेजारी शेजारी उभे केले. चामड्याच्या तुकड्यांवर बोट ठेवलं. "इथे. एवढी जाडी. हा बाप, हा लेक. दोघंही छातीच्या दुखण्याने गेले. पंचेचाळीस आणि त्रेचाळीस."

डॉक्टरीणबाईने एक साचा उचलला. उलटा केला, सुलटा केला, तुकड्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी तिला हाक मारली, ती तिला ऐकूच गेली नाही.

"आणखी कुणी आहे या घरात?" शेवटी तिने विचारलं.

"धाकटा. एकेचाळीस. त्याचीही तशीच झालीय. परवा जोडे न्यायला यायचाय."

"किती वाजता?"

डॉक्टरीणबाईने मग समजावलं, घरच्या माणसाला सांगावं तसं. रक्तात एक चरबी असते, ती जागच्या जागी वापरून झाली की उरलेली यकृत ओढून घेतं. काही घराण्यांत ही ओढून घ्यायची ताकद जन्मतःच निम्मी असते. बापाकडून किंवा आईकडून आलेली. अडीचशे-तीनशे माणसांत असा एकजण असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. चरबी पहिल्या दिवसापासून साचत राहते. हृदयाच्या नळ्यांत साचते, आणि काही जणांच्या शिरांवरही, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांवर. बोटांच्या सांध्यांवर, टाचेच्या मागे.

"नळी आत असते, दिसत नाही," ती म्हणाली. "टाच दिसते. आमच्या पुस्तकात आहे हे, एका ओळीत. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं मी. आमच्याकडे हृदय बघायची वीस यंत्रं आहेत, मावशी, आणि रोज शंभर माणसं इथे बूट घालून येतात आणि बूट घालूनच जातात. बाप आणि मुलगा असे शेजारी शेजारी मी कधी पाहिले नव्हते."

शुक्रवारी डॉक्टरीणबाई दुकानात आली तेव्हा रंगारी आधीच येऊन बसला होता. बोटांना निळा रंग, खांद्यावर फडका. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसण्यावारी नेलं.

"डॉक्टर, मी दिवसाला शंभर पायऱ्या चढतो-उतरतो. धाप लागत नाही. आणि आमच्या घरात पुरुष पंचेचाळीसच्या आत जातात हे काय मला नवीन आहे? बायकोला लग्नाआधीच सांगून टाकलंय. तरी तिने हो म्हटलं, आता तिचा इलाज नाही."

"तुमचा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"असला तर असला. समोरच्या इमारतीचं काम संपू दे, मग बघू."

मापवाली उठली. तिने भिंतीवरून थोरल्या रंगाऱ्यांचा साचा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"काय हे?"

"तुझ्या वडलांचा पाय."

रंगाऱ्याचं हसू तिथेच राहिलं. वडील गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. साचा त्याने दोन्ही हातांत धरला. हलकेच अंगठ्यावरून हात फिरवला, चवड्यावरून, करंगळीच्या बाजूच्या वळणावरून. मग स्वतःची चप्पल काढून साचा पायाशेजारी धरून पाहिला. तोच पाय. करंगळीसुद्धा तशीच वाकडी. मग त्याची बोटं मागच्या तुकड्यावर गेली आणि दुसरा हात आपोआप स्वतःच्या टाचेकडे गेला.

"दादाचा पण आहे?" त्याने विचारलं.

मापवालीने भिंतीकडे बोट दाखवलं.

"काढू नका," तो म्हणाला. "कधी यायचं, डॉक्टर?"

रक्ताचा आकडा आला तो असायला हवा त्याच्या जवळजवळ तिप्पट. मग हृदयाच्या नळ्यांचं चित्र काढलं. रंगाऱ्याने हट्टच धरला की चित्र बघायला मावशी पाहिजे, म्हणून रुग्णालयाच्या त्या थंडगार खोलीत त्याची बायको, मापवाली आणि डॉक्टरीणबाई अशा तिघी पडद्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर हृदय फिरत होतं आणि त्याच्यावरून नळ्या उतरल्या होत्या, धाग्यांसारख्या. डॉक्टरीणबाईने पेनाने दाखवलं. इथे पांढरे ठिपके, इथे पांढरे ठिपके. आणि पुढच्या मोठ्या नळीत एका ठिकाणी धागा इतका बारीक झाला होता की तो पुढे कसा चालू आहे याचंच नवल वाटावं.

"एवढ्याशा वाटेवर हा शिडी चढत होता?" मापवालीने विचारलं.

"हो. हृदय तक्रार करत नाही. शेवटपर्यंत भागवून नेतं."

दोन दिवसांनी मनगटातून बारीक नळी आत घालून ती वाट रुंद केली आणि तिथे जाळीचा आधार ठेवला. ते चालू असताना मापवाली बाहेर बाकावर बसली होती. इतके दिवस आवरून धरलेलं तिथे तिच्या तोंडून बाहेर पडलं. रंगाऱ्याची बायको शेजारी होती.

"मी पाहिलं होतं गं. त्याच्या वडलांच्या वेळी पाहिलं, भावाच्या वेळी पाहिलं. आणि मी काय केलं? चामडं चिकटवलं."

बायकोने तिच्या हातावर हात ठेवला. "मावशी, दुसऱ्या कुणी तेवढंही पाहिलं नाही," ती म्हणाली. "आम्ही तर एका घरात राहत होतो."

मापवालीचं त्याने समाधान झालं नाही. पण ती तिथून उठली नाही आणि दार उघडून डॉक्टरीणबाई हसत बाहेर आली तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले होते की सोडवायला वेळ लागला.

आता राहिली रंगाऱ्याची लेक. तिला घरात भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरायची नाही. अकरा वर्षांची, शाळेत धावण्यात पहिली. तिची टाच मापवालीने आधीच पाहिली होती आणि ती अगदी साफ होती, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. पण डॉक्टरीणबाई म्हणाली, शिरा जाड व्हायला वर्षं लागतात, रक्तच बघायला हवं. रक्तात निघालं.

पूर्ण भूल न घेता हृदयापर्यंत नळी घालून घेतलेला माणूस त्या दिवशी मात्र खचला. "माझ्याकडून गेलं," एवढंच तो म्हणत राहिला.

डॉक्टरीणबाईने खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली. "नीट ऐका. तुमच्या वडलांना कळलं नाही. भावाला कळलं नाही. तुम्हाला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही थोडक्यात. हिला अकराव्या वर्षी कळलंय. हिच्या नळ्या आज जवळजवळ कोऱ्या आहेत. त्या कोऱ्या ठेवायची औषधं आहेत. माझ्या शिक्षकांच्या तरुणपणी यातली बहुतेक नव्हतीच. आता तर वर्षातून दोनदा घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत, लागलीच तर तुम्हाला. हिला सध्या एक गोळी पुरे."

"किती दिवस?" आईने विचारलं.

"कायमची."

भिंगरीने मान वर केली. "धावायचं का मी?"

"धावायचं. तुला कोण थांबवतंय?"

मग त्या घराण्याचा शोध सुरू झाला. डॉक्टरीणबाई संध्याकाळी दुकानात यायची, मापवाली जोड्यांचा खोका गुंडाळायचा तपकिरी कागद जमिनीवर पसरायची आणि दोघी त्यावर वंशावळ काढायच्या. पुरुष चौकोनात, बाई गोलात. रंगाऱ्याला आठवत नव्हतं ते मापवालीच्या भिंतीला आठवत होतं. थोरल्या रंगाऱ्यांचे एक चुलते इथेच जोडे शिवून घ्यायचे, त्यांच्या साच्यावर तुकडा. रंगाऱ्याची एक आत्या, तिचे पाय साफ. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन अजून फोनवर सगळ्यांना झापत होती. दूरच्या गावांना फोन गेले. काहींनी फोन आपटले, काही रागावले, एकाने विचारलं की तुम्ही जोडे विकता की औषधं. पण एकेक करून माणसं तपासून घ्यायला लागली. वर्षभरात सव्वीस जण झाले. त्यातल्या अकरा जणांत तेच निघालं. सर्वांत लहान होता चार वर्षांचा एक मुलगा. त्याचे आईवडील आणि रंगारी यांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

कागद भरला तेव्हा मापवालीने तो भिंतीला लावून लांबून पाहिला. चार पिढ्या, आणि त्यातून एक काळी रेघ वाट काढत आलेली. कुठे थांबलेली, कुठे फुटून दोन झालेली. कुणाच्या डोळ्यांना दिसली नव्हती, तरी ती वाट सगळा वेळ तिथेच होती. बघता बघता तिला आपल्याच दुकानात उभं राहून मोठ्या देवळात आल्यासारखं वाटलं आणि तिने नकळत आवाज खाली आणला.

डॉक्टरीणबाई एकदा आपल्या विद्यार्थ्यांनाही घेऊन आली. सहाजण, पांढरे कोट, दुकानात मावेनात. रंगारी स्टुलावर बसला आणि मापवालीने एकेकाला खाली बसवलं.

"डोळे मिट," ती म्हणायची. "घाई करू नकोस. आता वर ये. लागलं?"

एक उंच मुलगी होती. तिने आधी रंगाऱ्याची टाच चाचपली, मग शेजारी बसलेल्या मित्राची, आणि मग पुन्हा रंगाऱ्याची. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. "माझ्या मामांची अशी आहे," ती हळूच म्हणाली. डॉक्टरीणबाईने तिच्या हातात फोन दिला आणि ती बाहेर गल्लीत जाऊन बोलली.

वर्षं गेली. रंगारी गोळ्या घेत राहिला, इंजेक्शनंही सुरू झाली, मधल्या तपासण्यांत नळ्या उघड्या राहिल्या. टाचेची जाडी थोडी उतरली, फार नाही. मापवाली दर सहा महिन्यांनी हाताने बघायची आणि आपला आकडा डॉक्टरीणबाईला कळवायची. यंत्राचा आकडा आणि तिचा आकडा यांत फारसा फरक पडायचा नाही, याचा तिला थोडा गर्व होता.

एका दुपारी रंगारी दुकानात आला आणि स्टुलावर बसला. जोडा चावत नव्हता. दुरुस्तीलाही काही आणलं नव्हतं. मापवाली तळ शिवत होती. तिने आरी खाली ठेवली.

"काय रे?"

"काही नाही. आज सेहेचाळिसावं लागलं."

तिने हातातला तळ बाजूला सारला. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली.

"विचित्र वाटतंय, मावशी," तो म्हणाला. "आजवर कसं, पुढे काय आहे हे मला ठाऊक होतं. इथवरचा रस्ता बाबांनी, दादाने पाहिलेला होता. याच्या पुढे आमच्या घरातला कुणी पुरुष गेलेलाच नाही. सेहेचाळिसावं वर्ष कसं असतं, हे मला सांगायला कुणी नाही."

मापवालीने चष्मा काढून पदराला पुसला.

"जवळचं दिसेनासं होतं," ती म्हणाली. "गुडघे बोलायला लागतात. पोरं उलट उत्तरं देतात."

"आणि?"

"आणि पन्नाशीनंतर झोप कमी होते. मग पहाटे जाग येते आणि स्वतःची छाती चाललेली ऐकू येते. पडून ऐकत राहायचं."

रंगारी हसला. पण उठला नाही. तिने चहा सांगितला आणि तो दोन पाय समोर पसरून, संध्याकाळपर्यंत, काही काम नसल्यासारखा तिथेच बसून राहिला.